सुरतेचे दोन मास्तर आणि त्यांची सभा



सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. सुरतेच्या माणसालाही ती आठवतात. फक्त दोघांच्या आठवणीचा सूर वेगळा असतो. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी एक मराठी माणूस या शहरात आला, काही वर्षे राहिला आणि इथल्या चौघांच्या बरोबरीने त्याने एक उद्योग मांडला. त्या उद्योगाची नोंद धर्मसुधारणेच्या इतिहासात होते, आणि ती योग्यच आहे. परंतु तो उद्योग करणारे प्रमुख पुरुष पेशाने शाळामास्तर होते, या गोष्टीकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. आज मी त्या बाजूने ही हकीकत सांगणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान ठेवले आहे, ते जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवीत राहिले. तेव्हा त्यांच्या नावाने बोलताना मास्तरांविषयीच बोलावे, हे मला उचित वाटले.

प्रश्न साधा आहे. मुलाला शिक्षक शिकवतो. शिक्षकाला कोण शिकवतो? नोकरीत शिरण्यापूर्वी तो जे शिकतो त्याविषयी मी बोलत नाही. वर्गात उभा राहून दहा वर्षे झाल्यावर, जुने पाठ तोंडपाठ झाल्यावर आणि उत्साह ओसरू लागल्यावर त्याला नवे कोठून मिळते? आजच्या सरकारी भाषेत याला ‘निरंतर व्यावसायिक विकास’ असे भारदस्त नाव आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी दरवर्षी ५० तासांची अपेक्षा ठेवली आहे. २०१९ साली सुरू झालेला ‘निष्ठा’ कार्यक्रम पुढच्या वर्षीच ‘दीक्षा’च्या द्वारे घरोघरी पोहोचला. नावे पाहिली की एखाद्या संप्रदायात शिरल्यासारखे वाटते. पण प्रश्न मात्र जुना आहे, आणि त्याचे एक जुने उत्तर याच शहरात सापडते.

ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इंग्रजी अमलापूर्वीचा आपला पंतोजी आणि गुजरातेतला मेहताजी हे एकाच जातकुळीचे. दोघेही धुळाक्षरे गिरवून घेत आणि पाढे घोकून घेत. आपली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी इथल्या मुलांनाही होतीच. साडेतीनच्या पाढ्याला गुजराती मेहताजी ‘ऊंठां’ म्हणत; आपली औटकी आणि त्यांचे ऊंठां ही एकाच प्राकृत शब्दाची दोन लेकरे आहेत, हे भाषेच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. या पंतोजीला शिकवायला शिकवले कोणी? कोणीच नाही, आणि सगळ्यांनी. शाळेतला थोरला मुलगा धाकट्यांकडून पाढे म्हणून घेई. म्हणजे विद्यार्थी असतानाच तो अर्धा शिक्षक झालेला असे. ही रीत अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने मद्रासेत पाहिली, १७९७ साली तिच्यावर पुस्तिका लिहिली आणि ती विलायतेत ‘मद्रास पद्धती’ म्हणून गाजली. पुढे तीच पद्धती नवे विलायती शास्त्र म्हणून आपल्याकडे परत आली. आपल्या वस्तूला आपल्याच बाजारात परका शिक्का लागून येण्याचा हा पहिला प्रसंग नसावा, आणि शेवटचा तर नव्हेच.

या रीतीचा गुण असा की तिच्यात शिकणे आणि काम करणे यांच्यामध्ये भिंत नव्हती. दोष असा की तिच्यात नवे काही शिरत नसे. बापाने जसे घोकून घेतले तसेच मुलाने घोकून घ्यायचे. भूगोल, व्याकरण, गद्य वाचन या नव्या विषयांचा त्या पंतोजीला गंधही नव्हता.

मुंबईत १८२२ साली जी शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली आणि पुढे ‘नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली गेली, तिने ही उणीव ओळखली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत काही तरुणांना नव्या पुस्तकांचे व नव्या रीतीचे शिक्षण देण्यात आले, आणि १८२६ साली असे चोवीस शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत रवाना झाले. त्यांत चौदा मराठी होते, दहा गुजराती. गुजराती तरुणांना तयार करण्यात भडोचचे रणछोडदास गिरधरभाई यांचा मोठा वाटा होता. आपल्या इलाख्यातील पगारी, प्रशिक्षित शिक्षकांची ही पहिली फळी म्हणायला हरकत नाही.

पण या योजनेत एक पोकळी होती. माणूस मुंबईस यायचा, काही महिने शिकायचा, पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आपल्या गावी जायचा, आणि तेथे एकटा पडायचा. त्याच्याजवळ जे होते ते हळूहळू झिजणार, हे उघड होते. गावातला जुना पंतोजी त्याला स्पर्धक मानणार; मामलेदार त्याच्याकडून तक्ते मागणार; आणि जिच्याविषयी त्याला बोलायचे असते ती मुलांच्या डोक्यातली अडचण, तिच्याविषयी बोलायला शेजारी कोणी नाही. हा एकटेपणा मी स्वतः खेड्यातल्या शिक्षकांच्या तोंडून ऐकला आहे, तोही १८२६ नंतर दीडशे वर्षांनी.

असेच मुंबईस शिकून आलेले एक मेहताजी म्हणजे दुर्गाराम मंछाराम. १८०९ साली सुरतेच्या नागर ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते मुंबईस गेले, नव्या पद्धतीचे शिक्षण घेऊन परतले आणि १८३० च्या सुमारास सुरतेच्या सरकारी गुजराती शाळेचे मेहताजी झाले. ‘मेहताजी’ हा शब्द गुजरातेत पेढीवरच्या कारकुनालाही लागतो आणि शिक्षकालाही. आपण ‘मास्तर’ म्हणतो त्यापेक्षा त्यात हिशेबाचा वास जास्त. दुर्गारामांनी मात्र त्या शब्दाला असे वजन आणले की आज गुजराती वाचक ‘दुर्गाराम मेहताजी’ एवढेच म्हणतो. वडिलांचे नाव लावण्याची गरज त्याला वाटत नाही.

दुर्गाराम शिकवीत होते ती सुरत पूर्वीच्या वैभवातली नव्हती. व्यापार मुंबईकडे वळला होता, कर्तबगार पारशी आणि वाणी कुटुंबे त्यामागोमाग गेली होती. १८३७ साली मोठी आग लागली. हजारो घरे जळाली, आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. उतरती कळा लागलेल्या शहरात माणसे ताईत, मंत्र आणि भुताखेतांकडे वळतात. दुर्गारामांच्या शाळेतील मुले अशा घरांतून येत होती. सकाळी शाळेत ग्रहणाचे कारण शिकायचे आणि संध्याकाळी घरी मांत्रिकासमोर बसायचे. मेहताजींनी मांत्रिकांना जाहीर आव्हान दिले ते या पार्श्वभूमीवर. त्याची आठवण चरित्रकार सुधारकाचे शौर्य म्हणून सांगतात. मला त्यात शिक्षकाची गरज दिसते: त्यांचा सकाळचा पाठ संध्याकाळी पुसला जात होता.

आता दुसरे मास्तर. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांची ओळख महाराष्ट्रात करून द्यावी लागत नाही, पण सुरतेत वाढलेल्या तरुण शिक्षकांसाठी दोन वाक्ये सांगतो. १८१४ साली मुंबईत जन्म. १८३६ साली, म्हणजे बाविसाव्या वर्षी, ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध. मराठीचे पाणिनी ही पदवी त्यांना लोकांनी दिली. माळव्यात जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून ते काही काळ राहिले, मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकवले, आणि १८४० च्या सुमारास सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे धाकटे बंधू.

इंग्रजी शाळेचा मास्तर आणि गुजराती शाळेचा मेहताजी यांत त्या काळी अंतर मोठे होते. एकाचा मान आणि पगार वरचा, दुसऱ्याचा खालचा. एक शिकवी ती भाषा सत्तेची, दुसरा शिकवी ती घरची. आजही एकाच आवारातल्या इंग्रजी आणि मातृभाषा माध्यमांच्या शिक्षकांच्या चहाची टेबले वेगळी असल्याचे मी पाहिले आहे. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. सुरतेत १८४२ साली हे अंतर ओलांडले गेले. दुर्गाराम आणि त्यांचे मित्र यांनी ‘पुस्तक प्रसारक मंडळी’ काढली, आणि मुंबईहून शिळाप्रेस आणवला. शिक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय ते पाहावे. तोपर्यंत पुस्तक मुंबईत तयार होई आणि मेहताजी ते वाचून दाखवी. छापण्याचा दगड गावात आल्यावर मेहताजीला कळले की पुस्तक ही वरून पडणारी वस्तू नसून ते आपल्यालाही करता येते. माझ्या समजुतीप्रमाणे शिक्षकाच्या आयुष्यात यापरते मोठे शिक्षण नाही. पाठ्यपुस्तकातली चूक दाखविणारा शिक्षक निराळा आणि तिच्याऐवजी चार बरी पाने लिहून पाहणारा निराळा.

पुढे एका पारशी विद्यार्थ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरून सुरतेत मोठी खळबळ उडाली. धर्म म्हणजे काय, आणि आपल्या मुलांना आपण काय सांगतो, हा प्रश्न घराघरांत निघाला. आणि घरात निघालेला प्रश्न दुसऱ्या दिवशी शाळेत येतोच. २२ जून १८४४ या दिवशी ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर दलपतराम, दलपतराम भगुभाई आणि दामोदरदास हे तिचे पाच प्रमुख. पाचांचीही नावे ‘द’ने सुरू होत असल्यामुळे गुजराती लोकांनी त्यांना ‘पाच दद्दा’ असे गमतीचे नाव ठेवले. सभेचा कणा मात्र दोन शाळामास्तरांचा होता. एक चौतीस वर्षांचा, दुसरा तिशीचा.

सभा आठवड्यातून एकदा, रविवारी भरे. तीत एकेश्वरवाद, जातिभेद, मूर्तिपूजा, जादूटोणा यांवर भाषणे आणि वादविवाद होत. दादोबांनी ‘धर्मविवेचन’ या आपल्या ग्रंथात जी सात तत्त्वे मांडली, त्यांत ईश्वर एक, मनुष्यजात एक, प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य, यांच्याबरोबर सर्वांना ज्ञानशिक्षण मिळावे हेही एक तत्त्व आहे. धर्माच्या मांडणीत शाळेला तत्त्वाचे स्थान देणे, हे मास्तरालाच सुचू शकते. ग्रंथ पुढे १८६८ मध्ये छापला गेला.

ही सभा उघडी होती. कोणी यावे, ऐकावे, उलट विचारावे. सनातनी शास्त्री येत, वाद घालत. आठवडाभर मुलांच्या वर्गात ज्याचे म्हणणे शेवटचे असे, त्या मास्तराला रविवारी उभे करून गावातला कोणीही पेचात पकडू शकत होता. पेशाने शिक्षक असलेल्या माणसाला याची किती गरज असते, हे मी चाळीस वर्षांच्या अध्यापनावरून सांगतो. आपला धंदाच असा की त्यात आपल्याला ‘हे चूक’ असे म्हणणारे समोर कोणी नसते. समोर असतात त्यांना आपणच गुण देणार असतो. तेव्हा ज्ञानाला गंज चढतो तो इथे.

आणखी एक गोष्ट. दुर्गाराम सभेच्या कामाची नोंद ठेवीत. दिवसाचे काय बोलणे झाले, कोणी काय विचारले, काय उत्तर दिले, असे टिपण त्यांनी केले. गुजराती साहित्याचे अभ्यासक या नोंदींना त्या भाषेतील आत्मपर गद्याचा आरंभ मानतात. महिपतराम रूपराम नीलकंठ यांनी १८७९ साली प्रसिद्ध केलेल्या दुर्गाराम चरित्रात त्यांचा मोठा आधार घेतला, म्हणूनच आपल्याला सभेची हकीकत इतकी तपशिलाने मिळते. गद्याच्या इतिहासात जे महत्त्वाचे ते शिक्षकाच्या शिक्षणातही महत्त्वाचे आहे. आपण काल काय सांगितले ते लिहून ठेवणारा माणूस उद्या तेच तसेच सांगत नाही.

सभा भरू लागून दोन महिने होतात तोच, ऑगस्ट १८४४ मध्ये, मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया झाला. सुरतेत हरताळ पडला, दंगा झाला, आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. अशा तापलेल्या गावात सरकारी पगार घेणाऱ्या दोन मास्तरांनी दर रविवारी चारचौघांत वादविवाद चालवावा, याला छाती लागते. पुढे आमच्या पिढीत सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कित्येक महाविद्यालयांतील प्राध्यापक साधा परिसंवाद भरवतानाही वरच्या कार्यालयाच्या दाराकडे पाहत असत.

ही सभा टिकली किती? फार नाही. मे १८४६ मध्ये बाळशास्त्री जांभेकर अकाली वारले. त्यांच्याकडे आदल्या वर्षापासून मुंबईच्या नॉर्मल क्लासचे, म्हणजे देशी भाषांच्या शाळांसाठी शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे, काम होते. त्या जागी दादोबांची नेमणूक झाली आणि त्यांनी सुरत सोडली. सभा विस्कळीत झाली. दुर्गाराम काही काळ रेटत राहिले. १८५२ साली त्यांनाही शिक्षणखात्याच्या कामावर राजकोटला जावे लागले, आणि मानवधर्म सभेचे नाव तेवढे उरले. ‘बदली’ हा शब्द आपल्या शिक्षणाच्या इतिहासात जितका नुकसानकारक ठरला आहे तितका ‘अज्ञान’ हा शब्दही नसेल.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. सुरतेत ज्यांनी शिक्षकांचे शिकणे कामाच्या ठिकाणी, कामाच्या आठवड्यात, कामाच्या अडचणींतून होताना पाहिले, त्या दादोबांकडेच आता शिक्षक तयार करण्याचा सरकारी वर्ग आला. एक वर्ग, एक सभा. वर्गात ठरलेली पुस्तके, ठरलेले महिने, शेवटी परीक्षा आणि नेमणूक. सभेत यातले काहीच नाही. दादोबांना दोन्हींची गरज पटली होती, असे मला वाटते. कारण १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या व प्राध्यापकांच्या संस्थेची मराठी शाखा म्हणून ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ निघाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष दादोबाच झाले. दिवसा नॉर्मल क्लास आणि फावल्या वेळी ज्ञानप्रसारक सभा, अशी त्यांची जोडी होती. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून याच सभेतून निघाले.

परमहंस सभाही त्याच सुमाराची. तिच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी एकच निरीक्षण नोंदवतो. सुरतेची सभा उघडी होती, मुंबईची गुप्त. सुरतेत पेचात पकडणारे समोर येत. मुंबईत जे आत येत ते आधीच सहमत झालेले असत. सभासदांची यादी बाहेर फुटल्यावर परमहंस सभा मोडली, कारण तिचे बळ गुप्ततेत होते. जातिबहिष्काराच्या भयाचा तो काळ. ती गुप्तता समजण्यासारखी आहे. परंतु शिकण्याच्या दृष्टीने सुरतेचा प्रयोग मला मोठा वाटतो. मुंबईचा मान मोठा, म्हणून सुरतेकडे आपण पाहिले नाही.

१८५४ चा वुडचा खलिता आला आणि सरकारने शिक्षकांच्या तयारीसाठी शाळा काढण्याचे, विलायतेतल्याप्रमाणे होतकरू मुलांना विद्यावेतन देऊन शिक्षक करण्याचे धोरण ठरवले. वर्ग वाढले. सभा सरकारने काढल्या नाहीत. तो सरकारचा विषयही नव्हता. सुरतेच्या मातीत त्या वेळेपर्यंत जे पेरले गेले होते ते मात्र या नव्या व्यवस्थेच्या कामी आले. दुर्गारामांचे चरित्रकार म्हणून ज्यांचा वर उल्लेख केला ते महिपतराम १८२९ साली सुरतेत जन्मले. सभा स्थापन झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. १८६० साली सरकारने त्यांना विलायतेस पाठवले ते कशासाठी? बॅरिस्टर होण्यासाठी नव्हे. तिकडे शिक्षक कसे तयार करतात, ते पाहून येण्यासाठी. शाळामास्तराने आपला पेशा शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. त्याची किंमत त्यांना परत आल्यावर मोजावी लागली. नागर ज्ञातीने त्यांच्यावर बहिष्कार घातला. अहमदाबादच्या ट्रेनिंग कॉलेजचे ते प्रमुख झाले. त्या कॉलेजला ज्यांचे नाव लागले ते प्रेमचंद रायचंद, कापसाच्या तेजीत गाजलेले व्यापारी, मूळचे सुरतेचेच.

महिपतरामांनी ‘गुजरात शाळापत्र’ चालवले. १८६२ साली निघालेल्या या मासिकाचे पुढचे नामांकित संपादक नवलराम पंड्या, तेही सुरतेचे. आपल्याकडे याच सुमारास, १८६१ पासून, पुण्यात ‘मराठी शालापत्रक’ निघत होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यामागून विष्णुशास्त्री यांनी ते चालवले. आज आपण या दोन्ही मासिकांकडे साहित्याच्या इतिहासातली पाने म्हणून पाहतो. मुळात ती खेड्यापाड्यांतल्या एकाकी मास्तरासाठी होती. ज्याच्या शेजारी बोलायला कोणी नाही, त्याच्या हाती महिन्यातून एकदा पडणारी ती सभा होती. मराठी शालापत्रक विष्णुशास्त्र्यांच्या टीकेच्या धारेमुळे सरकारने १८७५ साली बंद केले. मास्तरांना शिकवायला सरकारची ना नव्हती. मास्तरांनी विचारायला लागावे, याला होती.

दुर्गारामांच्या शाळेत बालपणी काही काळ बसलेला आणखी एक मुलगा होता. त्याचे नाव नर्मदाशंकर, म्हणजे कवी नर्मद. वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतबाहेर त्याने मुंबईत एक व्याख्यान दिले, जे गुजरातीतला पहिला निबंध मानले जाते. त्याचा विषय होता ‘मंडळी मळवाथी थता लाभ’, म्हणजे मंडळी जमवून बसल्याने होणारे लाभ. गुजराती निबंधाचा जन्म प्रेमावर, निसर्गावर किंवा देवावर न होता चार माणसांनी एकत्र बसून बोलण्यावर व्हावा, याचे मला पूर्वी आश्चर्य वाटे. सुरतेच्या सभेची हकीकत वाचल्यावर ते उरले नाही. नर्मदानेही पुढे काही काळ मास्तरकी केली, आणि ती त्याला मानवली नाही, हा भाग वेगळा. नंदशंकर मेहता हे दुसरे. १८५८ साली ते सुरतेच्या इंग्रजी शाळेचे पहिले देशी हेडमास्तर झाले, शिक्षकांच्या ट्रेनिंग शाळेवरही त्यांनी काम केले आणि १८६६ साली ‘करण घेलो’ ही गुजरातीतली पहिली कादंबरी लिहिली. ज्या शहरात मास्तर एकमेकांशी बोलतात त्या शहरात भाषाही बोलू लागते, असा माझा समज आहे. तो सिद्ध करण्याचा भार मात्र मी येथे घेत नाही.

आता आजच्या सुरतेकडे येतो. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांतून चालतात. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत कापडाच्या मागांवर काम करणारी हजारो खानदेशी कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलाची स्थिती पाहा. घरी आई अहिराणी बोलते. गल्लीत आणि दुकानात गुजराती. दूरचित्रवाणीवर हिंदी. आणि शाळेत पुस्तक पुणेरी वळणाच्या मराठीतले, जे गांधीनगरच्या पाठ्यपुस्तक मंडळाने छापलेले. या मुलाने निबंधात अहिराणी रूप लिहिले, तर लाल शाईने खोडायचे का? खोडले तर त्याच्या आईची भाषा खोडली जाते, न खोडले तर परीक्षेत गुण जातात. हा प्रश्न या शाळेतील प्रत्येक मराठी शिक्षिकेपुढे दर आठवड्याला उभा राहतो. पन्नास तासांच्या कोणत्या पाठात त्याचे उत्तर आहे? राष्ट्रीय पातळीवर तयार झालेल्या चित्रफितीला लिंबायतमधली अहिराणी माहीत असणे शक्य नाही. त्या चित्रफितींची मी टवाळी करीत नाही. त्यांतल्या काही मी पाहिल्या आहेत आणि चांगल्या आहेत. पण त्या नॉर्मल क्लासच्या वंशातल्या आहेत. मी विचारतो आहे ते सभेविषयी.

मी अध्यापनाला लागलो तेव्हा मला कोणी अध्यापन शिकवले नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितले, माझ्या तासाला मागे येऊन बसत जा, आणि मी चुकलो की बाहेर आल्यावर सांग. पहिले सहा महिने मी गप्प बसलो. सातव्या महिन्यात एका ओवीच्या अन्वयाविषयी शंका काढली. ते चिडले, घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विद्यार्थ्यांना सांगितले की काल सांगितलेला अन्वय सोडून द्या. त्यानंतर ते माझ्या तासाला मागे येऊन बसू लागले. पुढे आमच्या महाविद्यालयात प्रशिक्षण शिबिरे सुरू झाली. मी तीन दिवस एका सभागृहात बसून पडद्यावरचे तक्ते उतरवून घेतले, शेवटी प्रमाणपत्र मिळाले, ते कोठे आहे हे मला आज सांगता येणार नाही. ओवीचा तो अन्वय मात्र सांगता येईल.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला या व्याख्यानापूर्वी सांगितले की शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर शिक्षकांना तासभर बसता येईल. तेवढा वेळ पुरे आहे. दुर्गारामांच्या सभेलाही तास-दोन तासांपलीकडे काय मिळत असेल? सुरुवातीला विषय एकच असावा, आणि तो वर्गातला असावा: या आठवड्यात मला कोणते मूल शिकवता आले नाही. गुजराती माध्यमाच्या शेजारच्या शाळेतले दोघे-तिघे बोलावता आले तर फार बरे. साडेतीनचा पाढा दोघांकडे सारखाच आहे. वरिष्ठ कोणी अध्यक्षस्थानी नसावे. आणि एक वही असावी, तिच्यात कोणी काय विचारले ते आळीपाळीने लिहावे. बदल्या होतील, माणसे जातील. वही शाळेच्या कपाटात राहील.

अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ साली दादोबांचे आत्मचरित्र संपादून प्रसिद्ध केले. ते अपुरे आहे. उत्तरायुष्याची हकीकत त्यात नाही, तरुणपणाची आहे. माझ्याजवळची प्रत जीर्ण झाली आहे, पण पाने सगळी आहेत. ती मी आज शाळेच्या ग्रंथालयास देत आहे. महिपतरामांचे दुर्गाराम चरित्र गुजराती आहे, ते आपल्यापैकी बहुतेकांना वाचता येईल; त्याची प्रत मिळवण्याचे काम मी ग्रंथपालांकडे सोपवतो. पहिल्या शनिवारी मी येईन. मागे बसेन.